सीपॅप की जबड्याचं उपकरण?

स्लीप ॲप्नियात झोपेत घसा मिटतो, श्वास निदान १० सेकंद अडतो. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब चढतो. त्यावरचे हे दोन उपाय.

सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. तासाला ३० किंवा अधिक वेळा श्वास अडत असेल, तर माझ्या मते आधी हेच. मास्क नाकाच्या हाडावर रुततो, तोंड कोरडं पडतं, म्हणून बरेच जण यंत्र कपाटात ठेवून देतात. तसं करू नका हो. मास्कचा आकार बदलून बघा, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावा.

दंतवैद्याने मापाने बनवलेलं उपकरण खालचा जबडा किंचित पुढे धरतं. आवाज नाही, वीज नाही. सौम्य-मध्यम त्रासात चालतं, पण दात हळूहळू सरकू शकतात. ते लावून पुन्हा झोपेची तपासणी कराच. नुसतं घोरणं थांबलं यावर विसंबू नका.