चिखलणीसाठी केज व्हील: अर्धे की पूर्ण?

सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या आधी ट्रॅक्टरला केज व्हील (चिखलात पकड देणारे लोखंडी पिंजऱ्यासारखे चाक) घ्यायचा विचार असेल, तर प्रश्न एवढाच उरतो: टायर काढून पूर्ण लोखंडी चाक घालायचे, की टायरला बाहेरून अर्धे जोडायचे. मी दोन्ही चालवली आहेत, गोव्यात डिचोलीकडच्या शेतात आणि बार्देशातल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातही.

चिखलात पूर्ण चाक सरस, हे आधीच मान्य करतो. खाजन भरतीच्या पातळीखाली, गाळ खोल. तिथे अर्ध्या चाकाच्या आणि टायरच्या फटीत चिखल घट्ट बसतो, पकड जाते आणि चाक जागच्या जागी फिरत राहते. पूर्ण चाकातून तो आपोआप गळून पडतो.

पण आपली शेते सलग कुठे असतात? एक तुकडा देवळाखाली, दुसरा पाटापलीकडे, मधे डांबरी रस्ता. लोखंडी चाक त्यावर घालता येत नाही. डांबर उकरले की पंचायतीत तक्रार ठरलेली. म्हणजे दर तुकड्याला मेरेवर (बांधावर) टायर काढा, चाक घाला, काम झाले की पुन्हा टायर. भिजलेल्या मेरेत जॅक फळीसकट खाली जातो. वजनासाठी टायरात पाणी भरलेले असेल, तर तो हलवायला दोघे लागतात आणि तिसरा शिव्या द्यायला. मला वीट आला तो याचाच.

अर्धे चाक टायरपेक्षा लहान व्यासाचे असते, त्यामुळे कडक जमिनीवर टायरच टेकतो आणि थोडे अंतर सावकाश जाता येते. रुंदी मात्र वाढते. चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून नेण्याआधी उतरून बघा.

ते बसवताना नट गोल फिरत आवळू नका, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, खाली स्प्रिंग वॉशर घाला. शेतात एक फेरी मारून पुन्हा पाना लावा. माझे तरी पहिल्या फेरीत हमखास थोडे सैल होतात. तसेच चालवले तर बोल्टाची भोके लांबट होतात, मग कितीही आवळा, खडखड जात नाही. खाजनातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या मोसमात नट कापावे लागतील.

सगळी जमीन एकाच खाजनात असेल आणि चिखलणीभर ट्रॅक्टर तिथेच राहणार असेल, तर पूर्ण चाक घ्या, मी वाद घालणार नाही. बाकीच्यांनी माझ्या मते अर्धे बघावे. फक्त पैसे देण्याआधी भोके आपल्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या डिस्कशी जुळतात का, ते दुकानातच लावून पाहा.