एजंटाने पाठवलेला कागद एजंटालाच विचारून तपासू नका

इंग्लंडमध्ये घर घेतलंय, नोकरीमुळे तो देश सोडावा लागलाय आणि घर लेटिंग एजंटाच्या (भाड्याचं घर मालकाच्या वतीने सांभाळणाऱ्याच्या) ताब्यात आहे, असे आपल्यातले बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचा रेडिंगमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एजंटाचं नाव इथे देत नाही, कारण तक्रारीची चौकशी सुरू आहे. पण त्याने आम्हाला कसं फसवलं ती पद्धत सांगायलाच हवी, कारण ती दूर राहणाऱ्या मालकासाठीच बेतलेली होती.

भाडं कधी थकलं नाही, हे आधी सांगते. दर महिन्याला पैसे जमा व्हायचे आणि सोबत व्यवस्थित हिशेब यायचा: भाडं इतकं, कमिशन इतकं, दुरुस्ती इतकी, कर इतका. आम्ही कागद मागितला आणि तो मिळाला नाही, असं एकदाही झालं नाही. डिपॉझिटचा दाखला, गॅस तपासणीचा दाखला, दर काही महिन्यांनी फोटोंसकट घराच्या पाहणीचा अहवाल, सगळं मेलवर यायचं.

मग एक दिवस थेट भाडेकरूचं पत्र आलं, साधं टपालाने. घरात लहान मूल, हिवाळा तोंडावर आणि बॉयलर महिनोन्‌महिने नीट चालत नाही. गरम पाणी कधी येतं, कधी नाही. एजंट म्हणतो, मालक खर्चाला मंजुरी देत नाहीत. आणि इकडे आमच्या हिशेबात त्याच बॉयलरच्या दुरुस्तीचे पैसे दोनदा कापलेले! त्या भाडेकरू बाईंनी लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे तिथल्या मालमत्ता नोंदणी कार्यालयातून, फ्लॅटचा उतारा काढला होता आणि त्यावरच्या पत्त्यावर लिहिलं होतं. देश सोडताना आम्ही तिथे आमचा परदेशातला पत्ता नोंदवला होता, म्हणून पत्र पोचलं. ज्यांच्या उताऱ्यावर अजून त्याच भाड्याच्या घराचा पत्ता आहे, त्यांनी तो आधी बदलून घ्या. तिथे तीन पत्ते नोंदवता येतात, परदेशातला आणि ईमेलचासुद्धा चालतो.

पत्र वाचून मी जुने अहवाल पुन्हा उघडले. जानेवारीच्या पाहणीचा अहवाल होता. दिवाणखान्याच्या फोटोत खिडकीबाहेरचं चेस्टनटचं झाड दिसतं, आणि ते हिरवंगार, पानांनी गच्च भरलेलं. आम्ही राहत होतो तेव्हा नोव्हेंबरपर्यंत त्या झाडाच्या पानांचा खाली पार्किंगमध्ये नुसता खच पडायचा. जानेवारीत त्याच्यावर एक पान नसतं. आधीच्या उन्हाळ्यातल्या अहवालाशी ताडून पाहिलं तर फोटो तोच, फक्त थोडा कापलेला. म्हणजे घरात कोणी पाऊलही न टाकता पाहणीची फी लावली होती.

त्यानंतर प्रत्येक कागद ज्याच्या नावाने निघाला होता, थेट त्याच्याकडे गेलो. गॅसच्या दाखल्यावर इंजिनिअरचा नोंदणी क्रमांक असतो. तो गॅस सेफ रजिस्टरच्या (गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदवहीच्या) संकेतस्थळावर टाकला की कुठल्या व्यवसायाचा आहे ते कळतं. क्रमांक खरा निघाला, पण त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, या पत्त्यावर मी कधी गेलेलोच नाही. ही तपासणी दरवर्षी करून घेणं मालकाला बंधनकारक आहे. बिघडलेल्या बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड गळला तर माणसं झोपेत मरतात. पैशांपेक्षा या एका गोष्टीचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो. त्या घरात एक मूल झोपत होतं.

डिपॉझिटचंही तेच. इंग्लंडमध्ये भाडेकरूचं डिपॉझिट ३० दिवसांच्या आत तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत नोंदवावं लागतं. आमच्याकडे क्रमांकासह पीडीएफ होती. भाडेकरूंनी स्वतः तिन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर शोधलं, कुठेच नोंद नव्हती. पैसे एजंटाने खाल्ले तरी मालक सुटत नाही, हे नीट लक्षात घ्या. नोंदणी झाली नाही तर भाडेकरू कोर्टात जाऊ शकतो आणि कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पटीपर्यंत रक्कम मालकाला द्यायला लावू शकतं. आमच्या भाडेकरूंनी तसं केलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. डिपॉझिटची रक्कम आम्ही आमच्या खिशातून योजनेत भरली.

आता कराचं. परदेशात राहणाऱ्या मालकाच्या भाड्यातून, एजंटाने केलेला खर्च वजा करून, २० टक्के कर कापून तो दर तिमाहीला एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) भरायची जबाबदारी एजंटाची असते. तिथलं करवर्ष ५ एप्रिलला संपतं आणि ५ जुलैपर्यंत एजंटाने कापलेल्या कराचा एनआरएल ६ हा दाखला द्यायचा असतो. आमच्या हिशेबात कर दर महिन्याला कापला जात होता, पण दाखला मागितला की ‘अकाउंटंट रजेवर आहे’ किंवा ‘एचएमआरसीकडूनच उशीर होतोय’ अशी उत्तरं यायची. हा दाखला एचएमआरसी देतच नाही, एजंटच देतो. त्यामुळे दुसरं उत्तर ऐकलंत तर तिथेच थांबा. कापलेला कर भरलाच गेला नव्हता. मालकाने एचएमआरसीकडे केलेला एनआरएल १ अर्ज मंजूर झाला तर भाडं कर न कापता हातात येतं आणि कर आपण रिटर्नसोबत भरतो. कर माफ होत नाही, पण तो एजंटाच्या हातातून जात नाही. आम्ही आता तेच केलं आहे.

ग्राहकांचे पैसे सांभाळणाऱ्या एजंटाला १ एप्रिल २०१९ पासून इंग्लंडमध्ये क्लायंट मनी प्रोटेक्शन योजनेचं सदस्यत्व सक्तीचं आहे. एजंटाने पैसे हडप केले तर त्यातून भरपाई मागता येते. आमच्या एजंटाच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र झळकत होतं. योजनेला विचारलं तेव्हा कळलं, सदस्यत्व केव्हाच संपलंय. त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी बंद झाला. तक्रार पोलिसांकडे आणि तिथल्या कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक संरक्षण विभागाकडे दिली आहे. अजून एक पौंडही परत आलेला नाही.

या सगळ्याचं मूळ एका वाक्यात होतं. ‘भाडेकरूंना तुमचा नंबर देऊ नका, ते रात्री-अपरात्री त्रास देतील, आम्ही आहोत ना.’ भाडेकरूंनाही सांगितलं होतं की मालक बोलायला तयार नाहीत. दोन्ही बाजू एकमेकींशी बोलल्या असत्या तर बॉयलरचं खोटं एका फोनवर उघड झालं असतं. एजंट कितीही चांगला असला तरी भाडेकरूकडे तुमचा ईमेल असू द्या, आणि वर्षातून एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांनाच घर दाखवायला सांगा.

एजंटाला काढायची वेळ आली तर एक अडचण येते, ती आधीच सांगते. ‘आता भाडं या नव्या खात्यात भरा’ असा मेल भाडेकरूला गेला की त्याला तीच फसवणूक वाटते, आणि वाटायलाच हवी. आमच्या भाडेकरूंनी आधी पैसे भरायला नकार दिला. मग आम्ही त्यांच्याशी व्हिडिओवर बोललो, पासपोर्ट दाखवला. त्यांनी स्वतः काढलेल्या लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यावरचं नाव त्याच्याशी जुळवून पाहिलं. त्यानंतर सॉलिसिटरचं (वकिलाचं) पत्र त्यांच्या हातात पडलं, तेव्हा कुठे त्यांनी खातं बदललं. नवा बॉयलर त्याच आठवड्यात बसवून घेतला. त्याचा दाखला या वेळी इंजिनिअरने आम्हाला आणि त्यांना एकाच वेळी पाठवला.