गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन कास-बामणोली : दोन दिवस आरामात चालण्याचा अनुभव

आम्हा सांगलीकरांना कोयना धरण माहिती असतं ते आकड्यातनं. जुलै-ऑगस्ट आला की घरात दिवसभर एकच विषय, कोयनेतनं किती क्युसेक सोडलं आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि ४० झालं की आमची आई धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेते, कारण २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं आणि ती ते अजून विसरलेली नाही. तर हे पाणी वर जिथं साठतं तिथं तिला एकदा शांतपणे न्यायचं माझ्या मनात दोन वर्षं होतं.

अडचण एकच, तिचा उजवा गुडघा. वय ६७, सपाटीवर छान चालते पण उतार आला की हात धरावा लागतो. आणि या भागातल्या ट्रिपा बघितल्या तर एकतर गाडीतून उतरा फोटो काढा परत बसा, नाहीतर डायरेक्ट वासोटा किल्ल्याची दमछाक करणारी चढण. मधलं काहीच नाही, जणू वयस्कर माणसांनी डोंगर काचेतूनच बघायचा. शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं कोयनेच्या पाण्याकाठच्या बामणोली गावाच्या अलीकडच्या एका घरगुती होमस्टेचा नंबर दिला. त्यांच्याकडं दोन दिवस, एक मुक्काम, सोबत गावातलाच एक पोरगा गाईड म्हणून आणि रोज चार-पाच किलोमीटरच्या वर चालायचं नाही असं असतं. माणशी २२०० रुपये घेतले, जेवणखाण त्यातच, बोटीचे वेगळे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रविवार-सोमवार गेलो.

साताऱ्यातनं यवतेश्वरचा घाट चढून फुलांचं कास पठार साधारण २५ किलोमीटर, गाईड पोरगा तिथंच भेटला. हातात बांबूच्या दोन काठ्या, एक आईला दिली, म्हणाला "मावशी, ही आपली तिसरी तंगडी समजा, घाई अजिबात करायची नाही." आईला काठी घ्यायला एरवी कमीपणा वाटतो, पण त्यानं स्वतःपण एक घेतली होती त्यामुळं तिनं निमूट घेतली. मला तो पोरगा तिथंच आवडला.

पठारावरून कुमुदिनी तळ्याकडं जाणारा जुना राजमार्ग आहे, तांबड्या मातीची रुंद वाट, जवळपास सपाट. दोनेक किलोमीटर जायला आम्ही दीड तास घेतला आणि एकदाही कंटाळा आला नाही. सीझन संपत आला होता, तेरडा बराचसा गेलेला, पण सोनकीनं पिवळा झालेला एक अख्खा उतार होता आणि मध्ये मध्ये ती मिकी माऊसवाली कवल्याची फुलं. पोरानं गुडघ्यावर बसून दवबिंदू दाखवला, नखाएवढं झाड, लाल केसांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. त्यानं कारण पण नीट सांगितलं, खाली सगळा खडक, वर जांभ्याचा थर, त्यावर माती जेमतेम काही इंच, त्या मातीत कस नाही म्हणून ही झाडं किड्यातनं पोट भरतात. सीतेची आसवं म्हणतात ती निळसर-जांभळी फुलंपण त्यातलीच, त्यांचे सापळे खाली ओल्या मातीत असतात. आई म्हणाली मी इतकी वर्षं नाव ऐकत होते, हे खाणारं फूल आहे हे आज कळलं. टोपली कारवी फुललेली नव्हती, ती सात वर्षांनी एकदा फुलते, पण उलट्या ठेवलेल्या टोपलीसारखी तिची झुडपं बघितली की नाव का पडलं ते लगेच कळतं.

या सर्व्हिसमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. तो पोरगा दर दहा मिनिटांनी थांबायचा आणि थांबायचं कारण दरवेळी वेगळं असायचं, कधी फूल, कधी पक्षी, कधी नुसतं "वारा किती गार आहे बघा." त्यामुळं आपल्यासाठी सगळे थांबलेत असं आईला वाटलंच नाही. ज्यांच्या घरात दुखऱ्या गुडघ्याचं माणूस आहे त्यांना ही किती मोठी गोष्ट आहे ते कळेल. आणि दुसरं म्हणजे वाट सोडून फुलात घुसणाऱ्या एका ग्रुपला त्यानं हात जोडून बाहेर यायला सांगितलं, भांडला नाही, पण ते बाहेर येईपर्यंत हललापण नाही. २०१२ ला कासला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, पण तो टिकवणारी माणसं ही अशी आहेत.

कासवरून खाली बामणोलीकडं उतरताना एका वळणावर कोयना धरणाचं पाणी दिसतं ना, तिथं गाडी थांबवाच. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "हे एवढं असतं होय."

मुक्काम साधा, शेणानं सारवलेलं अंगण, दोन खोल्या वर, एक खाली. रात्री नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ज्यांना पाहिजे त्यांना माशाचं कालवण, आणि घरच्या भाताची पेज मागाल तेवढी. घरातल्या काकू आईला चुलीजवळ बसवून बोलत बसल्या. जेवणाला पूर्ण मार्क.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाकाठानं चालणं होतं आणि त्यात घरातले आजोबापण आले. गुरांची वाट आहे, एका बाजूला पिकत आलेला भात, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये एक देवराई लागते तिथं एकदम अंधारून येतं आणि गार वाटतं. आजोबांनी काठी पाण्याकडं करून दाखवलं, ती बोट चाललीय ना तिच्या खाली आमची खाचरं. धरण झालं तेव्हा ते लहान होते, साठच्या दशकातली गोष्ट, गाव वर सरकलं आणि निम्मी भावकी लांब पुनर्वसनात गेली. आई म्हणाली आमच्याकडंपण हेच पाणी येतं हो, घरात शिरतं. आजोबा जरा थांबले आणि म्हणाले, "तुमच्याकडचं उतरतं तरी, ताई." त्यात राग अजिबात नव्हता. मग दोघं बराच वेळ बांधावर बसून बोलत होते, कुणाचं काय काय गेलं याचंच, मी आणि तो पोरगा जरा लांब उभे राहिलो. ही गोष्ट कुठल्या पॅकेजमध्ये लिहिलेली नसते, पण माझ्यासाठी आख्ख्या ट्रिपचं मोल तेवढ्यात वसूल झालं.

आजोबांनीच सांगितलं की धरणाची भिंत इथनं लांब, तिकडं पाटण तालुक्यात कोयनानगरला, आणि फुगवटा पार तापोळ्यापर्यंत. १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं धरण. आईला वाटायचं हे सगळं पाणी सांगलीकडंच येतं, पण यातलं बरंच बोगद्यातनं पश्चिमेला कोकणात पोफळीकडं वीज करायला जातं, बाकीचं नदीनं कराडला येऊन कृष्णेला मिळतं आणि मग आपल्या दारात. येताना कराडला प्रीतिसंगमावर, या दोन नद्या मिळतात तिथं, थांबू या असं आईनं लगेच ठरवून टाकलं.

आता जे बरं नव्हतं ते. फोनवर "सगळं सपाट आहे" असं सांगितलं होतं, ते खरं नाही. बोटीच्या धक्क्याकडं उतरायची शेवटची शंभरेक पावलं चिकणमातीची आणि घसरडी आहेत, तिथं आई घाबरली, दोघांनी दोन्ही हात धरून उतरवलं. हे आधी सांगितलं असतं तर आम्ही बोट घेतलीच नसती किंवा दुसरीकडनं चढलो असतो. संडास फक्त देशी बैठकीचा, वयस्कर माणसांसाठीच ट्रिप काढता तर एक कमोड बसवाच, ही माझी कळकळीची विनंती मी त्यांना तोंडावरपण केलीय. बोट यायला सव्वा तास उशीर, बसायला सावली नाही. आणि आम्हाला वरची खोली दिली होती, लाकडी उभा जिना, आईनं सांगितल्यावर लगेच बदलून दिली पण बुकिंगलाच गुडघ्याचं सांगितलं होतं की.

जायचं असेल तर थोडं. फुलांच्या सीझनला शनिवार-रविवार कासवर तुफान गर्दी, बुकिंग आधी ऑनलाईन करा आणि जमेल तर मधला वार धरा. नुसतं चालायला आणि पाणी बघायला जायचं तर दिवाळीनंतर बरं, वाटा वाळलेल्या असतात आणि जळवांचा त्रास नाही. पावसाळ्यात वयस्कर माणसांना इकडं चालायला नेऊ नका, धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नाही. बूट चांगल्या ग्रिपचे घ्या, चपला नकोतच. गोळ्या-औषधं साताऱ्यातच घेऊन ठेवा, पुढं काही मिळायची खात्री नाही आणि मोबाईलला रेंज बऱ्याच ठिकाणी नाही.

पाचपैकी चार देते, पाचवा कमोड बसवल्यावर. आई परत आल्यापासून मामींना सारखी फोनवर सांगतेय, जानेवारीत त्या दोघींना घेऊन जायचं ठरलंय, बोट नाही, नुसता काठ, आणि खालची खोली आत्ताच सांगून ठेवलीय.