शाळेचा सर्व्हर आणि पोरांचे लॅपटॉप: एनएफएस, सांबा, एसएसएचएफएस की सिंकथिंग?

दारव्हा तालुक्यातली एक शाळा. देणगीत आलेले २२ जुने लॅपटॉप, सगळ्यांवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं लिनक्स. हेडसरांच्या खोलीत टेबलाखाली एक डेस्कटॉप आहे, त्याला आम्ही मोठ्या तोंडानं सर्व्हर म्हणतो. एक वाय-फाय राउटर. इंटरनेट असलं तर असतं. सरांनी ठेवलेलं पोरांना मिळावं आणि पोरांनी केलेलं सर्व्हरवर जमा व्हावं, एवढीच गरज होती. पेनड्राइव्हनं ते होतं, पण गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तो काय घेऊन येईल याचा भरवसा नाही. म्हणून नेटवर्कवरून फाईल वाटून घ्यायचे चार मार्ग करून पाहिले: एनएफएस, सांबा, एसएसएचएफएस आणि सिंकथिंग. तुमच्याही शाळेत हाच विचार चालू असेल, तर निवडताना दोनच गोष्टी पाहा: लॅपटॉप कोणाच्या ताब्यात राहतात, आणि लाइन किती वेळा जाते.

आम्ही सुरुवात एनएफएसपासून केली. त्यात सर्व्हरवरचं फोल्डर लॅपटॉपवर आपल्याच डिस्कसारखं दिसतं. दोन्हीकडे लिनक्स असल्यावर तेच सरळ वाटतं. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये काढलेली ही पद्धत हलकी आहे, जुन्या प्रोसेसरलाही झेपते. दुपारपर्यंत सगळं लागलं. तिसऱ्या दिवशी आठवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "सर, मले त तिची फाईल पुसता येऊन रायली!"

झालं असं, की साधं एनएफएस पासवर्ड विचारतच नाही. लॅपटॉप जो युजर क्रमांक सांगेल, तो सर्व्हर मुकाट्यानं खरा धरतो. उबुंटू पहिल्या युजरला १००० क्रमांक देतं. २२ लॅपटॉपवर २२ वेळा इन्स्टॉल केलं, म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक १०००. सर्व्हरच्या लेखी अख्खा वर्ग म्हणजे एकच पोरगा! क्रमांक वेगवेगळे करता येतात, आम्ही केलेही. पण लॅपटॉप घरी जातो आणि त्यावर सुडो, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलण्याचा अधिकार, पोराच्याच हातात असतो. त्याला हवा तो क्रमांक तो घेऊ शकतो. एनएफएसमधली रूट स्क्वॉश ही सोय फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरला, अडवते, शेजारच्या बाकावरच्याला नाही. खरा उपाय केर्बेरॉस, ते प्रत्येक युजरची ओळख पटवून घेतं. त्याला मात्र सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली लागतात, साधारण ५ मिनिटांच्या आत. आमच्या निम्म्या लॅपटॉपची घड्याळाची बॅटरी मेलेली; बंद करून चालू केला की तारीख कुठल्या कुठे.

त्यात लाइन गेली की वेगळीच गंमत. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतात, राउटर आणि सर्व्हर मरतात. एनएफएस नेहमीच्या हार्ड माउंटनं जोडलेलं असेल, तर फाईल उघडून बसलेले प्रोग्रॅम सर्व्हर परत येईपर्यंत तिथेच गोठतात. पोरं बटण दाबून लॅपटॉप बंद करतात आणि अर्धं लिहिलेलं जातं. सॉफ्ट माउंटमध्ये गोठत नाही, पण अर्धवट लिहिलेली फाईल खराब होण्याचा धोका राहतो. एका खोलीत पक्के बसवलेले, शिक्षकांच्याच ताब्यातले डेस्कटॉप असतील आणि त्यांना इन्व्हर्टर असेल, तर एनएफएस खुशाल लावा. पोरांच्या लॅपटॉपला नको.

वेगासाठी एनएफएस घ्या असं कोणी सांगितलं, तर त्याला हा हिशेब दाखवा. २.४ गिगाहर्ट्झच्या राउटरवर प्रत्यक्षात सेकंदाला ५ एमबी मिळाले, तर २०० एमबीचा व्हिडिओ २२ जणांना पोचायला ४,४०० एमबी, म्हणजे जवळजवळ १५ मिनिटं. अर्धी तासिका गेली. अडतं ते वाय-फायवर; वर कोणती पद्धत आहे यानं फार फरक पडत नाही.

सांबा आज आमच्याकडे चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास ते सुरू केलं. ते युजरनेम आणि पासवर्ड मागतं, लॅपटॉपवरचा क्रमांक काहीही असो. शिक्षकांचे विंडोजवाले लॅपटॉपही त्यालाच जोडतात. 'होम्स' चालू केलं की प्रत्येकाला आपापलं फोल्डर मिळतं. धड्यांचं फोल्डर पोरांना फक्त वाचायला, शिक्षकांना लिहायलाही. रिसायकल मॉड्यूल नक्की लावा. पुसलेली फाईल कचऱ्यात पडून राहते, आणि "सर, माही फाईल गेली" याला उत्तर असतं. कटकट एवढीच, की सांबाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपासून वेगळे ठेवले जातात, म्हणजे प्रत्येक पोराची नोंद दोनदा. जुन्या विंडोजसाठी एसएमबी १ (सांबा ज्या भाषेत बोलतं तिची जुनी आवृत्ती) चालू करा असा सल्ला मिळेल, करू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेनं पसरला होता. पासवर्डशिवायचं गेस्ट फोल्डरही टाळा, नवं विंडोज ११ ते उघडायला नकार देतं.

एक अडचण आपल्याच भाषेची. सर्व्हरच्या ईएक्सटी४ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाईलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा, हलन्त सगळे धरून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात, म्हणून तिथे बिनधास्त ठेवलेलं अहवालाचं लांबलचक नाव सर्व्हरवर जातच नाही, आणि शिक्षक समजतात सर्व्हर बिघडला.

एसएसएचएफएस शिक्षकांसाठी बरं. सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) चालू असेल तर तिथे वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं. पण पोरांना दिलं तर त्यांना सर्व्हरवर लॉगिनच दिल्यासारखं होतं. फक्त एसएफटीपीपुरतं, म्हणजे फाईल ने-आण करण्यापुरतं, बांधून ठेवावं लागतं. बारीकसारीक खूप फाईल असल्या की रेंगाळतं.

लॅपटॉप रोज घरी जात असतील, तर सिंकथिंगचा विचार करा. ते लॅपटॉपवरचं आणि सर्व्हरवरचं फोल्डर एकसारखं ठेवतं. पोरगं घरी, शेतावर, कुठेही काम करतं. शाळेत आलं की इंटरनेट नसलं तरी स्थानिक नेटवर्कवरून फाईल आपोआप सर्व्हरवर येतात. लाइन गेली तरी काही गोठत नाही, कारण फाईल लॅपटॉपवरच असते. पण तीच अडचणही आहे: फोल्डर पूर्ण उतरतं, ३२ जीबीचा लॅपटॉप लगेच भरतो. एकाच फाईलवर दोघांनी काम केलं तर कॉन्फ्लिक्टची दुसरी प्रत तयार होते. आणि एकानं पुसलं की सगळीकडून पुसलं जातं, म्हणून सर्व्हरवर व्हर्जनिंग (फाईलच्या जुन्या प्रती ठेवणं) चालू हवं. सामायिक फोल्डरला नको. प्रत्येकाच्या स्वतःच्या वहीसारख्या फोल्डरला ठीक.

आम्ही शेवटी सांबा ठेवलं, आणि लॅपटॉप घरी नेणाऱ्या दहावीच्या पोरांना जोडीला सिंकथिंग दिलं. राउटर आणि सर्व्हर एकाच इन्व्हर्टरवर घेतले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाहेरची हार्ड डिस्क लावून सगळ्याची प्रत घेतो. ती कपाटात जाते, किल्ली हेडसरांकडे.