‘वापरलेली विदेशी तिकिटं, २०० नग’ : तिकिटं छान, पण वापरलेली नाहीत

ऑनलाइन मागवलेल्या टपाल तिकिटांच्या पॅकेटबद्दल लिहून राहिलो. दुकानाचं नाव घेत नाही, भांडण नाही करायचं मला. जाहिरातीत होतं विदेशी वापरलेली तिकिटं, २०० नग, सगळी वेगवेगळी, ३५० रुपये. पाच दिवसात नागपूरला घरपोच आलं, पॅकिंग एक नंबर, पुठ्ठा काय, प्लास्टिक काय. फक्त पार्सलवर तिकीट नव्हतं, बारकोडचं स्टिकर होतं. तिकिटं विकणाऱ्याच्या पार्सलवर तिकीट नाही, आता काय बोलावं.

उघडलं तर हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया, पोलंड, मंगोलिया, थोडी अजमान आणि फुजैरा. रंग एकदम झकास, त्रिकोणी तिकिटं पण निघाली. शिक्का सगळ्यांवर, पण कसा, तर कोपऱ्यात पाव गोल, मोजूनमापून मारल्यासारखा, आणि एकाही तिकिटाला सुरकुती नाही की डाग नाही. तिथंच शंका आली, उलटं करून पाह्यलं तर मागे डिंक चकचकीत. आता बघा, पत्रावरचं तिकीट काढायचं तर कोमट पाण्यात भिजवावं लागते आणि त्यात डिंक धुवून जातो, मग डिंक जसाच्या तसा आहे म्हणजे हे पाकिटावर कधी चिकटलंच नाही ना भाऊ.

यालाच सीटीओ म्हणतात, कॅन्सल्ड टू ऑर्डर. त्या देशाचं टपाल खातंच छापलेल्या शीटवर शिक्के मारून व्यापाऱ्यांना स्वस्तात ठोक भावात विकायचं. चार तिकिटांचे कोपरे जिथे मिळतात तिथे एक शिक्का मारला की चौघांचं काम झालं. खात्याला बाहेरचा पैसा मिळाला आणि पत्र कुठे पोचवायची कटकट नाही. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांनी हे भरपूर केलं. अजमान, फुजैराची तर कथाच वेगळी, १९७१ मध्ये यूएई व्हायच्या आधी ही छोटी छोटी संस्थानं, गावात पत्र लिहिणारे असून असून किती असणार, पण तिकिटांवर अंतराळवीर आणि युरोपातली पेंटिंग्ज! काही तिकिटांवर तर शिक्का चित्रासोबतच छापलेला असतो, भिंगातून पाह्यलं की कळते.

‘सगळी वेगवेगळी’ पण खोटं निघालं. हंगेरीचं एकच तिकीट चारदा. चिडलो, पण मग सहज चारही कोपऱ्याला कोपरा लावून ठेवली आणि बुडापेस्टचा शिक्का पूर्ण गोल झाला! खरं सांगतो, ३५० पैकी १०० रुपये तिथंच वसूल.

फोन केला तर पलीकडून, “सर, शिक्का आहे ना, मग यूज्डच झालं.” मी म्हटलं, काऊन भाऊ, मग सीटीओ लिहायला काय जाते? तर म्हणे तसं लिहिलं की लोक घेत नाहीत. म्हणजे माहीत आहे! माझी तक्रार एवढीच आहे. तिकिटांच्या भावाच्या कॅटलॉगमध्ये सीटीओला बहुतेक वेळा कमी भाव असतो, आणि नवीन माणूस खरी वापरलेली समजून जास्त पैसे मोजतो.

माल मात्र वाईट नाही. भाचा प्राण्यांची तिकिटं जमवते, त्याला मंगोलियाची दिली तर म्हणाला, “मामा, हेच बरं, वाघाच्या तोंडावर शिक्का नाही.” पॉइंट आहे त्याचा. खऱ्या टपालातल्या शिक्क्यानं चित्राचं पार भजं होते कधी कधी.

पण मी शिक्क्यांसाठीच जमवतो. मागच्या महिन्यात इतवारीत एका रद्दीवाल्याकडून जुन्या व्यापारी पाकिटांचा गठ्ठा २०० रुपयात उचलला. अर्धी तिकिटं फाटकी, एकावर चहा सांडलेला, लाल पाकिटाचा रंग पाण्यात सुटून बाकीची गुलाबी झाली ती वेगळीच (लाल पाकीट नेहमी वेगळं भिजवा, माझ्यासारखं करू नका). पण त्यात १ रुपयाचं कापसाचं तिकीट सापडलं, १९७९ नंतरच्या शेतीवाल्या सिरीजमधलं, आणि त्यावर शिक्का हिंगणघाटचा, तारीख १९८४. कापसाच्या गावातून कापसाचं तिकीट! अर्धा शिक्का पाकिटावर उतरलाय म्हणून भिजवलं नाही, तेवढा तुकडाच कापून ठेवला. त्या २०० विदेशी तिकिटांत हे कुठून मिळणार, त्यांच्यावरची तारीख म्हणजे खात्यातल्या कोणीतरी शिक्का मारायला घेतल्याची तारीख.

तर पाचपैकी तीन स्टार. लहान पोरांसाठी, चित्रांसाठी डोळे मिटून घ्या, २०० रुपयात मिळालं तर अजूनच बरं. टपालातून फिरलेली पाहिजे असतील तर विकणाऱ्याला आधी तिकिटाच्या मागचा फोटो मागा. आम्हाला नाही पाठवला कारण आम्ही मागितलाच नव्हता.