‘पिंग पाँग’ : अकरा भाग, एकाच बैठकीत

‘पिंग पाँग’ या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या पहिल्याच भागात काँग वेन्गे हा चिनी मुलगा टेबल टेनिसच्या टेबलापासून लांब उभा असतो. कोण खेळतंय ते त्याला दिसत नाही, नुसता चेंडूचा आवाज येतो. तेवढ्या आवाजावरून तो सांगतो की खेळणाऱ्याची बॅट पेनहोल्ड आहे, म्हणजे पेनासारखी धरायची, आणि तिच्यावरचं रबर पिंपलचं, म्हणजे दाणेदार. मी तिथेच सरसावून बसले. चौदा वर्षं मी नाशिकमध्ये संध्याकाळची टीटीची बॅच घेते. पाठमोरी असताना कुणाच्या बॅटचं रबर जुनं होऊन मेलंय हे मला आवाजावरून कळतं, आणि हे कुणी कधी पडद्यावर दाखवेल असं वाटलं नव्हतं.

‘पिंग पाँग द ॲनिमेशन’ ही 2014 साली एप्रिल ते जूनमध्ये फुजी टीव्हीवर आलेली मालिका. ताइयो मात्सुमोतोच्या 1996-97 मधल्या मंगावर (जपानी चित्रकथेवर) मासाआकी युआसाने ती केली. अकरा भाग, प्रत्येक साधारण तेवीस मिनिटांचा. मी आधी रोज एक भाग असं बघायला घेतलं आणि तिसऱ्या भागाला सोडून दिलं. या दिवाळीत अकरावीतली भाची राहायला आली होती. तिच्यासोबत रात्री नऊला पुन्हा सुरुवात केली, मध्ये एकदा चहा झाला, आणि उठलो तेव्हा दीड वाजत आला होता. माझं मत पक्कं झालं की ही मालिका तुकड्यांत बघायची नाहीच. यातली मुलं इतकी हळूहळू बदलतात की मध्ये दिवस गेले तर तो बदल हातातून निसटतो.

गोष्ट जपानमधल्या एनोशिमा बेटाजवळच्या कातासे हायस्कूलमधल्या दोन मित्रांची. पेको बडबड्या, सतत काहीतरी खाणारा, सरावाला दांडी मारणारा, आणि स्वतःला सगळ्यांत भारी समजणारा. स्माइलचं नाव स्माइल, कारण तो हसतच नाही. तो चॉपर आहे, टेबलापासून मागे सरून चेंडू कापत परत पाठवत राहणारा. मी स्वतः डिफेन्स खेळायचे, म्हणून मला तो पहिल्या पाच मिनिटांत कळला. समोरच्याला दुखवायला नको म्हणून हरणारी मुलं असतात. माझ्या बॅचमध्ये आत्ताही एक आहे.

पण माझा जीव अडकला काँगमध्ये. शांघायच्या युवा संघातून वगळला गेल्यावर तो जपानच्या एका शाळेत येतो, इथे जिंकून परत घरी जायचं म्हणून. पेकोला तो एकही गुण देत नाही. त्याचा तोरा बघून भाची वैतागली, “किती माजलाय आत्या हा!” आणि मग तो हरतो. परतीचा रस्ता बंद होतो. ज्या पोरांना तो हिशेबातही धरत नव्हता त्यांनाच तो शिकवायला लागतो. सहाव्या भागात नाताळची संध्याकाळ आहे. काँग त्या पोरांबरोबर कराओकेत गातोय आणि त्या गाण्यावरच बाकीचे सगळे ती संध्याकाळ कुठे, कशी घालवतायत ते दिसत राहतं. मी रडले. भाचीने काही न बोलता माझ्याकडे रुमाल सरकवला. मूळ जपानी आवाजातच बघा असं मी म्हणते ते याच्यासाठी. तिथे काँग त्याच्या प्रशिक्षकाशी चिनीत बोलतो, आणि पुढे पुढे त्याच्या तोंडी जपानी यायला लागते. एक माणूस परक्या गावात रुळतोय हे नुसत्या कानाने कळतं.

आता चित्रांबद्दल, कारण बरेच लोक तिथेच थांबतात. भाचीचाही पहिला प्रश्न हाच होता : “आत्या, हे असं वाकडंतिकडं का काढलंय?” रेषा थरथरत्या आहेत, चेहरे सुंदर नाहीत, हात रबरासारखे ताणले जातात, पडदा मंगाच्या पानासारखा चार-पाच चौकटींत फाटतो. पण फोरहँड मारताना शरीराला आतून जे वाटतं ते असंच वाटतं. नीटनेटक्या चित्रात ती ओढ आली नसती. आणि खेळ खरा आहे. पेनहोल्डवाल्याची दुबळी बाजू म्हणजे बॅकहँड. ती झाकायला पेको बॅटच्या मागेही रबर लावतो आणि उलट्या बाजूने मारायला शिकतो. चिनी खेळाडूंनी नव्वदीच्या दशकात हाच मार्ग काढला होता. केन्सुके उशिओचं संगीत चेंडूच्या ठेक्यात इतकं मिसळलंय की रॅली कुठे संपली आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. (2014 हेच वर्ष सेल्युलॉइडचे चेंडू जाऊन प्लास्टिकचे यायला लागले त्याचं. तो जुना टणक आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना हे जास्त भिडेल.)

अकुमाबद्दल लिहिताना मला अजून जड जातं. लहानपणापासून पेकोच्या मागे धावणारा, डोळे अधू, सगळ्यांपेक्षा जास्त घाम गाळणारा. तो नियम मोडून स्माइलला आव्हान देतो, हरतो, आणि विचारतो की मी इतकं केलं, मग मी का नाही? स्माइल शांतपणे सांगतो की तुझ्यात ती देणगी नाही. मी सतरा वर्षांची असताना निवड चाचणीनंतर मला हेच ऐकवण्यात आलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. पुढची दोन वर्षं मी बॅटला हात लावला नाही. म्हणून पुढे अकुमाचं काय होतं ते मी श्वास रोखून बघत होते. तो खेळाडू म्हणून परत येत नाही. पण सामन्याआधी संडासाचं दार लावून बसणाऱ्या विजेत्या काझामाशी दाराबाहेरून बोलायला तोच येतो, आणि त्या क्षणी सगळ्यांत स्पष्ट दिसत असतं ते त्यालाच.

दोन गोष्टी खटकल्या. म्हातारे सर कोइझुमी स्माइलला घडवायला त्याचा जो पिच्छा पुरवतात तो सुरुवातीला गंमत म्हणून दाखवलाय, पण प्रशिक्षक म्हणून मला तो अस्वस्थ करून गेला. आणि खेळणारी मुलगी एकही लक्षात राहत नाही. क्लब चालवणारी ओबाबा मात्र जबरदस्त आहे, सिगारेट ओढत एका वाक्यात पोरांना ताळ्यावर आणणारी. तिच्या तरुणपणावर एक अख्खा भाग हवा होता.

बघायचं ठरवलंत तर तिसऱ्या भागापर्यंत चित्रांवर मत बनवू नका. थांबावंच लागलं तर सहाव्यानंतर थांबा, आठव्याच्या पुढे मात्र मध्ये कुठे थांबू नका, कारण शेवटचे तीन भाग एका दमात जातात. शेवट मी सांगत नाही.

मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये टेबलं बाजूला करून, भिंतीवर पडदा लावून, मी बॅचला हे सगळे भाग सलग दाखवणार आहे. पोरांच्या आईबाबांनाही बोलावलंय. पोरगं हरून आलं की घरी जाताना गाडीत त्याच्याशी काय बोलायचं हे मलाही नीट कळायचं नाही. काँगच्या त्या सहाव्या भागानंतर दिवे लावून तेवढ्यावर सगळ्यांशी बोलायचं ठरवलंय.