बाळाच्या नावाचे स्पेलिंग सुचवणारी सेवा: वाचनाची चाचणी उपयुक्त, दुर्मिळतेचे गुण फसवे

मुलीचे नाव काव्या ठेवायचे हे आमचे आधीच ठरले होते. प्रश्न उरला होता तो रोमन लिपीत ते कसे लिहायचे एवढाच. नाव सर्रास आढळणारे आहे, तेव्हा निदान स्पेलिंग तरी चारचौघींपेक्षा वेगळे असावे, या हौसेपोटी आम्ही बाळांच्या नावांची स्पेलिंगे सुचवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे शुल्क भरले. हौस माझीच होती, हे कबूल केलेले बरे. नाव, आडनाव आणि उच्चाराचे ध्वनिमुद्रण पाठवले की तीन दिवसांत अहवाल मिळतो. तो वेळेवर आला आणि त्याची मांडणीही नेटकी होती.

अहवालात सहा पर्याय होते: दोन्ही ठिकाणी दुहेरी ए, शेवटी एच, व्हीच्या जागी डब्ल्यू, सुरुवातीच्या केऐवजी सी किंवा क्यू आणि मध्येच अपॉस्ट्रॉफी. प्रत्येक पर्यायापुढे दुर्मिळतेचे गुण दिले होते आणि क्यूने सुरू होणारे स्पेलिंग त्यात अर्थातच अव्वल ठरले होते. माझा मुख्य आक्षेप याच गुणांवर आहे. दुर्मिळता अक्षरांवरून मोजली की कोणतेही नाव दोन मिनिटांत दुर्मिळ करता येते. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनच्या वार्षिक यादीतही सोफिया हे नाव पीएच घालून लिहिले तर एक आणि एफ घालून लिहिले तर दुसरे धरले जाते, आणि दोहोंचे क्रमांक वेगळे लागतात. यादीपुरते ते ठीक आहे. पण वर्गात ‘काव्या’ अशी हाक आली की क्यूवाली, केवाली आणि दुहेरी एवाली अशा सगळ्याच वळून पाहणार. वेगळेपण हवे होते ते कानाला, आणि सेवेने ते दिले कागदावर.

ज्या गोष्टीची आगाऊ सूचना मिळायला हवी होती, तिचा अहवालात उल्लेखच नव्हता. नोंदींमध्ये सारख्या उच्चाराची नावे शोधण्यासाठी साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे. तिचे पेटंट रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये मिळाले. नावाचे पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवायचे, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरे गाळायची व उरलेल्या व्यंजनांना अंक द्यायचे, अशी तिची ढोबळ रीत आहे. त्यानुसार नेहमीच्या स्पेलिंगचा संकेत के१०० येतो. दुहेरी ए केला किंवा शेवटी एच जोडला तरी तो बदलत नाही. सी किंवा क्यूने सुरुवात केली की पहिले अक्षरच बदलते आणि जुळणी तुटते. गंमत डब्ल्यूची आहे: ‘व’ हा व्हीने लिहावा की डब्ल्यूने, याबद्दल आपल्याकडे कोणी फारसा विचार करत नाही, पण डब्ल्यू गाळला जात असल्याने संकेत के००० होतो. वरवर सर्वांत निरुपद्रवी वाटणारा बदल असा शोधयंत्रणेला चकवतो, आणि जो दुहेरी ए पाहून मी नाक मुरडले होते तो मात्र निर्धोक निघतो.

अपॉस्ट्रॉफीचा पर्याय तर द्यायलाच नको होता. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नावासाठी ए ते झेड ही २६ अक्षरे आणि रिकाम्या जागा भरणारे एक चिन्ह एवढेच चालते. नावातील अपॉस्ट्रॉफी तिथे सरळ वगळली जाते. म्हणजे एकाच पानावर मुलीचे नाव वर एका तऱ्हेने आणि खाली दुसऱ्या तऱ्हेने छापले जाणार.

अंकशास्त्राचे एक पानही सोबत होते. आमच्या नेहमीच्या स्पेलिंगची बेरीज पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत ६ येते आणि खाल्डियन पद्धतीत २. सेवेने कोणती पद्धत वापरली हे त्या पानावर लिहिलेले नव्हते, त्यामुळे श्रद्धाळू पालकालाही त्याचा उपयोग शून्य.

आता चांगली बाजू. प्रत्येक पर्याय यंत्राच्या आवाजात वाचून दाखवण्याची सोय आहे आणि शुल्काचे चीज होते ते तिथेच. शेवटी एच जोडलेले नाव यंत्राने विसर्ग असल्यासारखे ओढले, तर क्यूवाले ‘क्वाव्या’ असे वाचले. त्यावरून मला उलटी चाचणी सुचली, जी या सेवेत नाही. आम्ही चार परिचितांना फोनवर नाव सांगून लिहून घ्यायला लावले. चौघांनीही के-ए-व्ही-वाय-ए असेच लिहिले. सुचवलेल्या सहापैकी एकही स्पेलिंग कोणाच्या हातून उतरले नाही. म्हणजे त्यातले कोणतेही निवडले असते, तरी प्रत्येक अर्जाच्या आणि प्रत्येक फोनच्या वेळी मुलीला एकेक अक्षर सुटे करून सांगावे लागले असते.

ही सेवा घ्यायचीच असेल, तर दुर्मिळतेचे गुण झाकून आधी वाचनाचा भाग ऐकावा. आम्ही नेहमीचेच स्पेलिंग कायम ठेवले. शुल्क परत मिळण्याची तरतूद नव्हती, आणि अहवालात मागितलेले सहा पर्याय दिलेले असल्याने मी ते मागितलेही नाही.